तीन संत्री एका ओळीत

शेडमध्ये माझं काम हेच:
पट्ट्यावरून येणारी संत्री पाहायची,
एका मापाची एका बाजूला,
चुरी खाली, डागाची मागे.
तीन सारखी एका ओळीत
मी सकाळी नऊच्या आत शंभरदा लावते.
घंटा वाजत नाही.
मुनीम फक्त म्हणतो,
पंचफुलाबाई, हात चालवा.

रात्री भांडी झाली की
तीच संत्री फोनात फिरतात.
देठाला एकच पान, दोन्हीकडून सारखी गोल.
असं फळ बेनोड्यापासून वरुडपर्यंत
एका झाडाला लागल्याचं मी पाहिलं नाही.
पण तिथे तीन सारखी आली
की फोन थरथरतो
आणि माझ्या नावावर अठरा हजार नाणी.

नाणी खोटी.
हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे.
निकेशने गेम टाकून दिला तेव्हाच बोलला,
"मावशी, पैसा लागत नाही, पैसा भेटत नाही,
पण पॉइंट जमले का खरं बक्षीस देते."
खरं म्हणजे एक यादी:
जहाजावर दोन रात्री, दोन माणसं.
मोठ्या हॉटेलात जेवण, पन्नास पदार्थ.
टोपी.

मी जहाज धरलं.
समुद्राचं मला माहीत नाही,
सिंभोऱ्याचं धरण पाहिलं आहे,
तेवढ्यावर अंदाज बांधला.

दर तीन तासांनी फुकटची नाणी येतात,
घेतली नाहीत तर बुडतात.
मी रात्री दोनला उठायला शिकले.
जेवणाच्या सुट्टीत रेंजसाठी पाण्याच्या टाकीमागे.
इंदिरा उईके म्हणे, "काय पाहून रायली वं सारखी?
सोयरीक जुळवून रायली काय?"
एकदा आचल वही घेऊन आली,
आई, एवढं पाय नं.
मी म्हटलं थांब, चाक फिरून राहिलं आहे.
चाक थांबलं तेव्हा ती झोपली होती,
वही उघडी, पेनाला टोपण नाही.

मृगाच्या बहारात सुरू केलं,
आंबिया येईपर्यंत पॉइंट भरले.
निकेशने खालची बारीक अक्षरं वाचून दाखवली:
जाण्यायेण्याचा खर्च आपला.
सोमवार ते गुरुवारच.
खोलीवरचा कर तिथे भरायचा.
आणि चढायचं ते बंदर
माझ्या तीन आठवड्यांच्या मजुरीएवढं दूर.
वर तेव्हाच सीझन, शेडमध्ये खाडा चालत नाही.

मी हसले. खरंच हसले.
निकेशला वाटलं रडते.

मग टोपी मागवली.
गेडाम पोस्टमन घेऊन आला, सही घेतली,
विचारलं, काय आलं बाई?
मी म्हटलं, जहाज.
निळी टोपी. पुढे घंटा, चेरी आणि एक संत्रं,
संत्र्याचा रंग लिंबाचा.
आमच्या शेडमध्ये ते मागे टाकलं असतं.

आता कोणी विचारतं, खेळावा का?
शेडमधल्या नव्या पोरी विचारतात.
मी हिशोब सांगते, आठ महिने, एक टोपी.
त्या हसतात. पण पूर्ण हिशोब तो नव्हे.
त्या आठ महिन्यांत रोज रात्री घटकाभर
मला कोणी हात चालवा म्हटलं नाही.
हे कुठल्या बाजूला टाकायचं, कळत नाही.
आणि ती वही.
ती कुठल्या बाजूला, ते कळतं.

गेम अजून फोनात आहे.
काढला, असं खोटं सांगणार नाही.
दर तीन तासांनी बोलावतो,
एखादवेळी जाते.

काल चुरीतलं एक संत्रं घरी आणलं.
आचल म्हणाली, सोलायच्या आधी सांग,
फोडी किती?
मी म्हटलं दहा. बारा वर्षं हाताळते आहे मी हे फळ.
ती म्हणाली अकरा.
सोललं. एक फोड दोघींच्या मधे दबलेली,
नखाएवढी, पण फोडच.
तिने दोनदा मोजली.

मी हरले.
तिने टोपी मागितली.